रविवारच्या आत

“बुधवारी फुकट दिसणारच आहे की निकाल! तीन दिवसांसाठी कशाला जादा पैसे भरलेस?” वॉर्डातली नर्स मैत्रीण हेमलताला म्हणाली.

न्यूझीलंडमध्ये नर्सची नोकरी मिळवायला इंग्रजीची ही परीक्षा पास होणं भाग होतं, आणि लेखनात हेमलता दोनदा नापास झाली होती. घटस्फोटानंतर नवरा मुलीला घेऊन तिकडे गेला होता. नऊ वर्षांच्या ऊर्वीशी बोलणं व्हायचं ते फक्त रविवारी दुपारी. जादा पैसे भरल्यामुळे निकाल रविवारी सकाळीच मिळणार होता; बुधवारी कळला असता, तर तो लेकीला सांगायला पुढच्या रविवारची वाट बघावी लागली असती.

रविवारी सकाळी औषधांच्या ट्रॉलीला टेकून तिनं मोबाइलवर निकाल उघडला. या वेळी लेखनातही पास!

दुपारी घरी येऊन तिनं व्हिडिओ कॉल लावला आणि घोटून घोटून तयार केलेल्या इंग्रजीत लेकीला सगळं सांगितलं. ऊर्वीची शाळा इंग्रजी, मैत्रिणी इंग्रजी. आई तिथं कुठंही कमी पडणार नाही, हे तिला कळावं असं हेमलताला फार वाटत होतं.

“म्हणजे तू येणार?” ऊर्वीनं विचारलं.

हेमलतानं इंग्रजीतच हो म्हटलं.

“मग मराठीत बोल ना, आई. इथं माझ्याशी मराठीत कुणीच बोलत नाही. बाबापण नाही.”

हेमलता मराठीवर आली.

“जेवलीस का गं, बाळा?”

ऊर्वी स्क्रीनच्या अगदी जवळ सरकली.

“परत विचार ना,” ती म्हणाली.