सिग्नलवरची अक्षरं

"आर, पी, टी," बायको म्हणाली, आणि मास्तर गॅलरीतल्या खुर्चीत सरसावून बसले.

खाली चौकातला सिग्नल लाल झाला होता. खेळ दोघांचा जुनाच. सगळ्यांत पुढे थांबलेल्या गाडीच्या पाटीवरची, राज्याची सोडून, तीन अक्षरं घ्यायची आणि ती त्याच क्रमाने पोटात असलेला लांबात लांब इंग्रजी शब्द सांगायचा. मधे दुसरी अक्षरं कितीही येवोत. ज्याचा शब्द आखूड, तो हरला. शेवटी हरणाऱ्याने उठून चहा करायचा.

मास्तरांनी शाळेत इंग्रजी शिकवण्यात हयात घालवली होती, बायकोने औषधाच्या दुकानात. लांबलचक शब्दांचं भय दोघांनाही नव्हतं. तरी मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यापासून सामना एकतर्फीच चालला होता. रक्तातली साखर आटोक्यात येईना, म्हणून डॉक्टर ऑपरेशनला हात लावेनात. पेपर बंद झाला, शब्दकोडं बंद झालं. हा खेळ तेवढा टिकला, कारण पाट्या बायको वाचून दाखवायची. आणि गंमत अशी, की मास्तर एकदाही हरले नव्हते. दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांना त्यांनी हे ऐकवलं होतं. "डोळे गेले, पण डोकं शाबूत आहे," असं म्हणून ते कपाळावर टिचकी मारत.

आता साखर आटोक्यात येऊन ऑपरेशन झालं होतं. नवा चष्मा लावून ते आज पहिल्यांदाच गॅलरीत बसले होते.

शब्द जिभेवर आलाच होता. सहज त्यांनी खाली पाहिलं. पांढरी गाडी, पाटी स्वच्छ. जे, व्ही, क्यू.

आपण भलतीच गाडी बघतोय असं वाटून त्यांनी आजूबाजूच्या पाट्या पाहिल्या. आर, पी, टी कुठेच नव्हतं.

"अहो, सिग्नल सुटेल!" बायको म्हणाली. तिची नजर रस्त्यावर होती.

"रिस्पॉन्सिबिलिटी," मास्तर म्हणाले.

"घ्या! आणि माझं आपलं रिपोर्ट. हरले बाई." हरल्याचा तिला कोण आनंद झाला होता.

पुढच्या खेपेला निळा टेम्पो थांबला. पाटीवर झेड, यू, के. बायको म्हणाली, "टी, पी, आर." ट्रान्सपोर्टेशन हा शब्द मास्तरांना झोपेतही आला असता. त्यांनी तो सांगितला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. एवढ्या दिवसांत एकाही गाडीवर क्यू नव्हता, एक्स नव्हता, झेड नव्हता, आणि आपल्याला त्याचं कधी नवल वाटलं नाही. उलट आपण जावयाला टिचक्या मारून दाखवत होतो.

मग राग आला. म्हणजे हिने आपल्याला कुक्कुल्या बाळासारखं खेळवलं! आता विचारतोच, म्हणून ते तिच्याकडे वळले.

ती कठड्यावर रेलली होती. भुवया आक्रसलेल्या, ओठ हलत होते, बोटं कठड्यावर अक्षरं मोजत होती. मास्तर बघतच राहिले. खालच्या गाड्यांकडे तिचं लक्षही नव्हतं. ती आधी त्यांचा शब्द शोधत होती. मग त्यातून तीन अक्षरं काढायची, मग तीच अक्षरं असलेला एक छोटा शब्द स्वतःसाठी ठेवायचा, आणि हरायचं. एवढं सगळं सिग्नल सुटायच्या आत. वर चहाही तिनेच करायचा.

एवढा अवघड डाव मास्तरांना जन्मात जमला नसता. राग कुठल्या कुठे गेला.

"आता पाट्या मी वाचणार," ते म्हणाले. "एवढा खर्च करून डोळे काय शोभेला आणलेत?"

बायकोची बोटं थांबली. तिने त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं, खालच्या टेम्पोकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

"दिसतं का हो सगळं?" तिने हळूच विचारलं.

"लख्ख."

सिग्नल सुटला. टेम्पो गेला. पुन्हा लाल दिवा लागला आणि एक लाल गाडी पुढे येऊन थांबली.

"पी, एल, जी," मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले.

बायकोने वाकून पाहिलं. पाटीवर क्यू, क्यू, वाय होतं. तिने मास्तरांकडे पाहिलं. परीक्षेच्या हॉलमध्ये उभं राहावं तसा चेहरा करून ते सरळ समोर बघत होते.

"ऑप्थॅल्मॉलॉजिस्ट!" ती म्हणाली. म्हणजे डोळ्यांचा डॉक्टर. दुकानात असल्यापासूनचा तिचा हा लाडका शब्द. तो म्हणायची संधी तिला किती दिवसांत मिळाली नव्हती.

"आणि माझं आपलं प्लग," मास्तर म्हणाले. "हरलो बुवा." ते गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

आधण उकळायला लागलं तसा गॅलरीतून आवाज आला, "माझ्या चहात घालायची साखर दुसऱ्या फळीवर आहे हो! शेजारी मिठाचा डबा आहे. चिठ्ठ्या लावल्यात. आता दिसतील तुम्हाला."

चिठ्ठ्या मोठ्या ठळक अक्षरांत होत्या. दारातूनही वाचता आल्या असत्या. मास्तरांनी साखरेचा डबा काढला, झाकण उघडलं, चमचा आत घातला.

"नाही गं दिसत," त्यांनी ओरडून सांगितलं. "तूच ये, वाचून दाखव."