मूळपुरुष

कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यापासून मधुकररावांना घरात कुणी काही विचारत नसे. नवा सोफा घ्यायचं ठरलंय, हेही त्यांना सोफा दारात आल्यावर कळलं.

मुलगा अश्विन दर रविवारी बायको आणि मित्रांसोबत फाशांचा एक खेळ खेळायचा; त्यात प्रत्येक जण एकेक पात्र व्हायचा. त्यातलं राज्य, राक्षस, धर्म, सगळं त्यानंच रचलेलं. त्या धर्मात देव नव्हते. लोक घराण्याच्या मेलेल्या मूळपुरुषाला पुजायचे आणि त्याला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नसत. एकदा मूळपुरुष होणारा मित्र आलाच नाही, म्हणून अश्विननं बाबांना बसवलं.

"मूळपुरुषा, नदी ओलांडू का?" सुनेनं, कामिनीनं, हात जोडून विचारलं.

"पाणी ओसरू द्या," मधुकरराव चाचरत म्हणाले. सगळे मुकाट्यानं थांबले. पुढचे तीन तास त्यांच्या शब्दाबाहेर कुणी गेलं नाही.

शेवटी अश्विनच्या हाती संजीवनी मंत्र लागला. "बाबा, आता तुमाले जिवंत करून राहिलो."



मधुकररावांनी घाईनं त्याचा हात धरला. "मले मेलेलाच राहू दे गा. आता कुठं तुम्ही माहं ऐकून राहिले."