पुतण्यासाठी लॅपटॉप

"हा नोका घेऊ, काका," राजदीप म्हणाला. "दिसाले चकचकीत हाय, पन बॅटरी तासभर बी टिकत नाई."

"अन् हा नवा?"

"नवा तं नवाच राहते. पन तुमच्या कामाले एवढा महागाचा कायले पायजे? कोन वापरनार हाय?"

"माझा पुतन्या. हेमराज," भोजराजने ठोकून दिलं. "कॉलेजात हाय."

त्याला हेमराज नावाचा पुतण्याच नव्हता. दुकानात शिरताना सांगितलेलं टिकाराम हे स्वतःचं नाव खोटं होतं आणि सालेकसा हे गावही खोटंच. खरा होता तो फक्त लॅपटॉप. तो घ्यायचाच होता, पण त्याआधी जावई पाहायचा होता.

केशोरीहून भल्या सकाळची बस धरून भोजराज गोंदियाला आला होता तो त्यासाठीच. त्याच्या बहिणीने, रुख्माने, त्याच्या लेकीसाठी, रश्मीसाठी, स्थळ सांगितलं होतं. पोरगा गोंदियात जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकतो. रश्मीला विचारलं, तर ती खाली मान घालून म्हणाली, "तुमी म्हनाल तसं, बाबा." इतकी गुणी पोर, म्हणूनच भोजराजचा जीव टांगणीला लागला होता. एकुलती एक लेक. ती लबाडाच्या घरी पडली असती, तर त्याला उरल्या जन्मात घास गोड लागला नसता.

पाहुणे म्हणून गेलं की कोणताही पोरगा इस्त्रीचा शर्ट घालून गोड बोलतो. म्हणून गिऱ्हाईक होऊन जायचं, हा बेत त्याने आदल्या रात्री जेवताना बायकोच्या, कुसुमबाईच्या, कानात सांगितला होता. रश्मी तेव्हा चुलीपाशी भाजी हलवत होती. डाव्या हातानं पळी फिरवते म्हणून कुसुमबाईने तिला रोजच्यासारखं एकदा टोकलंही होतं.

भोजराजची सारी नोकरी एसटीत कंडक्टरकी करण्यात गेलेली. बिनतिकिटाचा माणूस तो नुसत्या मानेवरून ओळखायचा. पोराची पारख काय, हातचा मळ!

तसं आत येताना त्याने मुद्दाम "राम राम" घातला होता, पत्ता लागू नये म्हणून. पोराने मात्र बेधडक "जय भीम, काका" म्हणून खुर्ची पुढे केली. हाही एक गुण भोजराजने मनात जमा केला. पोरगा कुणाला बिचकत नाही.

"मंग मले परवडन असा दाखव ना."

राजदीपने आतून एक करड्या रंगाचा लॅपटॉप आणला. "हा जुना हाय, मीच दुरुस्त केला. हे झाकन पाहा, इथं चरा हाय. एक बटन बदलवलं. बॅटरी नवी टाकली. लिहा-वाचाले, ऑनलाइन क्लासले एक नंबर."

"चरा कायले दाखवते? मले दिसला नसता."

"घरी गेल्यावर तं दिसला असता ना जी."

भोजराजला गहिवरून आलं. लपवण्यासारखं काही नसलेला माणूस असाच बोलतो. त्याने आणखी परीक्षा घेतली. गॅरंटी लिहून देशील का, बिघडला तर किती दिवसांत करून देशील, गरम होतो का. पोराने कुठेच फेकाफेक केली नाही. मग त्याने भोजराजला माउस धरून फोटो कसे उघडायचे तेही शिकवलं.

"थांबा, वापरनाऱ्याले सोपं जावं म्हनून सेटिंग करून देतो," असं म्हणत राजदीपने पाठमोरं होऊन काहीतरी केलं आणि लॅपटॉप माउससकट पिशवीत भरला.

परतीच्या बसमध्ये भोजराजने मनातल्या मनात लग्नाचा मंडपसुद्धा टाकला.

घरी आल्याबरोबर त्याने लॅपटॉप खाटेवर मांडला. "पोरगा म्हंजे सोनं हाय, कुसुम! हे पाहा आता, फोटो कसे उघडते."

त्याने शिकवल्याप्रमाणे माउस दाबला. फोटो उघडला नाही. भलतीच एक यादी उघडली. पुन्हा दाबला, पुन्हा यादी. घामाने त्याची बोटं निसटू लागली.

"बिघडेल दिला वाटते," कुसुमबाई म्हणाली.

"दुकानात तं चालून राहिला होता!" भोजराजचा चेहरा पडला. इतकी पारख करूनही फसलो. आणि याच्या घरी लेक द्यायला निघालो होतो! संतापाने त्याचे कान तापले. त्याने खिशातून मोबाइल काढून बहिणीला लावला. "रुख्माले सांगतो, हे स्थळ नाई पायजे म्हनून."

"बाबा, थांबा ना!"

रश्मी ओले हात ओढणीला पुसत धावत आली. एरवी आवाज न चढवणारी पोर चक्क ओरडली होती. तिने माउस उचलून लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला ठेवला, त्यावर डावा हात टेकवला, आणि पटापट फोटो उघडत गेले.

"चांगला तं हाय," ती म्हणाली. "बटनं उलटी केली हायेत फक्त. डाव्या हातानं काम करनाऱ्याले तसंच सोपं जाते."

भोजराजचा जीव भांड्यात पडला. पलीकडे रुख्माने फोन उचलला होता.

"रुख्मा, पोरगा पसंत हाय! एक नंबर पोरगा. मी स्वतः जाऊन पायला, त्याले काई पत्ता बी लागू देल्ला नाई. नाव खोटं सांगतलं, गाव खोटं सांगतलं, पुतन्यासाठी पायजे म्हनून सांगतलं..."

बोलता बोलता तो थांबला. त्याने रश्मीच्या हाताकडे पाहिलं. तिने तो चटकन ओढणीखाली घेतला.

आपली लेक डावरी आहे, हे भोजराजने दुकानात चुकूनही सांगितलं नव्हतं.