नोकरी न देणारं सॉफ्टवेअर

"यातल्या कशानं नोकरी लागत नाही, तेवढं सांग," गुरुप्रसाद सर म्हणाले.

लॅब सांभाळणारी योगिनी बघतच राहिली. रत्नागिरीच्या त्या कॉलेजात बावीस कॉम्प्युटर एकमेकांना जोडून ठेवले होते. रोज पहाटे ते लाटांचा अंदाज काढून पार पूर्णगडपर्यंतच्या मच्छीमारांच्या मोबाइलवर धाडत. सगळं काम लहान लहान डब्यांत भरलेलं. कुठला डबा कुठल्या कॉम्प्युटरवर चढवायचा, एखादा कॉम्प्युटर झोपला तर त्याचा डबा कुणाच्या डोक्यावर द्यायचा, हे बघायला होडीवर असतो तसा एक तांडेल लागतो. तो तांडेल म्हणजे हे सॉफ्टवेअर. कुठलं घ्यायचं ते आज ठरवायचं होतं. योगिनीने आठ दिवस खपून चौदा पानांची तुलना केली होती आणि सरांनी पहिलं पानही उलटलं नव्हतं.

सरांचं दुखणंच वेगळं होतं. कुबरनेटिस नावाचं असल्या तांडेलांतलं बडं प्रस्थ त्यांनी मोठ्या हौसेने बसवलं. लॅबमधला अजिंक्य ते शिकला आणि बड्या नोकरीवर पुण्याला पळाला. सोहम शिकला, बंगलोरला गेला. हेतल तर शिकता शिकताच गेली, आणि तिने मारून ठेवलेल्या गाठी कोणाच्या बापाला सुटेनात. दोन दिवस अंदाज बंद. तिसऱ्या दिवशी पूर्णगडची भागूबाई थेट केबिनमध्ये. "मास्तर, समुद्र तुमचा बंद पडलाय, आमचा नाय! माझा झिलगा बाहेर आहे होडी घेऊन." पोरगा सुखरूप परतला, पण सरांची झोप उडाली ती उडालीच. आता नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली.

"नोकरी... म्हणजे यातलं स्वॉर्म नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याला तशी मागणी नाही सर," योगिनी चाचरत म्हणाली. "छोटं आहे. जाहिरातीत कोणी विचारत नाही."

"कोणीच नाही?"

"क्वचित."

"झालं तर! तेच बसव." सरांनी फाइल ओढली आणि झोकात सही ठोकली.

सही वाळायच्या आत त्यांना स्वतःची लाज वाटली. चांगली हुशार पोर, आणि आपण तिचे पाय बांधतोय. त्यांनी चहा मागवला, बिस्किटंही मागवली.

"रागावलीस?"

"छे हो सर!" योगिनीचा चेहरा चक्क फुलला होता. "मी हेच सुचवणार होते. बावीस कॉम्प्युटरना हे पुरतं."

सरांना इतकं बरं वाटलं की त्यांनी दोन बिस्किटं एकदम चहात बुडवली. "म्हणजे तू आता राहतेस. शब्द दे बघू."

"दोन वर्षं तरी नक्की सर."

"दोनच?"

"तोवर कॉम्प्युटर वाढतील ना. मग सगळं या छोट्या सॉफ्टवेअरवरून मोठ्या कुबरनेटिसवर हलवायचं, तेही अंदाज एक दिवस बंद न ठेवता. ते मी एकटी करणार." योगिनीने बशी हळूच त्यांच्याकडे सरकवली. "असं हलवून दाखवलेला माणूस कुठे मिळतच नाही म्हणतात. त्याची पुणेवाले मुलाखतसुद्धा घेत नाहीत सर, सरळ उचलतात."