धर्माजीचा मुका ड्रम

अहो, थांबा की जरा, आमच्या धर्माजीच्या ड्रमचा किस्सा ऐकून जा. गडी हळदीला ड्रम वाजवतो, भाईंदर पूर्वेला भाड्यानं राहतो. घरी प्रॅक्टिस करायचा, तर खालच्या मजल्यावरच्या दुर्गामावशींनी तक्रार केली. घरमालक बोलला, "परत आवाज आला तर खोली खाली कर."

म्हणून यानं घरीच इलेक्ट्रॉनिक ड्रम बनवला. प्लायचे तुकडे, वर रबर, खाली सेन्सर, आवाज फक्त हेडफोनात. पण जरा रंगात आला की पायानं वाजवायचा मोठा ड्रम हेडफोनात आपोआप वाजायला लागायचा, धप धप धप. उद्या हळद, म्हणून आज मला बोलावलं. दोघांनी कानाला हेडफोन लावले, वायर बदलली, सेन्सर नवा चिकटवला. तरी तेच.

"धर्मा, यात भूत हाय रे."

"भूत असतं तर ठेका चुकला असता. हा बघ कसा बरोबर पडतोय!"

वैतागून मी हेडफोन काढला. तरी धप धप चालूच, ते पण फरशीखालून.

 

खाली जाऊन बघतो तर काय, धर्माच्या पायाची धमधम खाली जात होती, आणि मावशी झाडूच्या दांड्यानं छत ठोकत होत्या ते वर सेन्सरमध्ये येत होतं. आता मावशींनी घरमालकाला फोन लावायच्या आत धर्मानं त्यांना चहाला बसवून ठेवलंय. तुमच्या घरी जुनी जाड गादी असेल तर द्या ना बाबा, ड्रमखाली टाकायला.