कानामागची फुसफुस

गोमतीच्या उजव्या कानामागे रात्रंदिवस फुसफुस चाले, नाडीच्या ठोक्याबरोबर चढणारी-उतरणारी. सासू मीनाक्षीबाईंनी तो नागदोष ठरवला आणि तिरुनागेश्वरमच्या देवळात जाऊन नागरूपी राहूला दुधाचे अभिषेक केले. तरीही फुसफुस थांबेना, तेव्हा सुनेचे डोकेच फिरले आहे, असे घरात ठरले. आता तिला कायमचे माहेरी धाडायचे होते. निदान एकदा दाखवू तरी, म्हणून नवरा वेंकटेश त्या दोघींना कुंभकोणमच्या डॉक्टर कृष्णमूर्तींकडे घेऊन आला.

डॉक्टरांनी तिच्या कानामागे स्टेथोस्कोप टेकवला, डोळे मिटून बराच वेळ ऐकले आणि मग नळ्या सासूच्या कानांत दिल्या.

“अगंबाई! खरंच फुसफुसतोय की नाग!” मीनाक्षीबाई दचकल्या.

“नाग नव्हे, अम्मा. रक्त आहे ते. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता दिसतो. फुटला तर जिवावर बेतेल. आजच मद्रासला न्या, तिथे शस्त्रक्रिया करणारे आहेत.”

जिवावर बेतेल, हे गोमतीने नीट ऐकले. तरी तिला हायसेच वाटले. तिच्या डोक्यातली फुसफुस आज प्रथमच दुसऱ्या कुणाच्या कानी पडली होती.

वेंकटेश चाचरला, “आज शुक्रवार आहे, आई. घरच्या लक्ष्मीला आज घर सोडून कसं पाठवायचं?”

“पाठवतंय कोण?” मीनाक्षीबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. “मी घेऊन चालले आहे तिला.”