सहाव्या गाण्यातलं हसू

"यात काहीतरी कमी आहे," असं म्हणत म्हाताऱ्याने रेकॉर्ड काउंटरवर ठेवली.

दुकानदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गल्लीत त्याला सगळे 'सुई' म्हणत. रेकॉर्ड प्लेअरच्या सुया विकायचा म्हणून, आणि जीभही तशीच होती म्हणून. दाढीवाल्या गायकाच्या त्या जुन्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगची ही नवी आवृत्ती त्याने गेल्याच आठवड्यात या म्हाताऱ्याला विकली होती, तीही मोठ्या अभिमानाने.

"कमी नाही आजोबा, कमी केलंय! सहाव्या गाण्यातलं ते हसू काढून टाकलंय."

"तेच म्हणतोय. मला हसू असलेली हवी. माझी जुनी रेकॉर्ड घर बदलताना फुटली."

सुईने हातातलं फडकं आपटलं. गाण्याबाबत त्याची मतं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गाता येत नाही म्हणून ड्रम बडवणारे बँड त्याला दुकानात नको असत. मोबाइल उंचावून कार्यक्रम बघणाऱ्यांना तो श्रोते मानतच नसे. दाढीवाल्याचे पुढचे सगळे अल्बम त्याच्या लेखी पाणी घातलेलं दूध. पण हा एक अल्बम, नुसता एक माणूस आणि एक गिटार, याच्यापुढे तो हात जोडायचा.

आणि त्यातलं सहावं गाणं बापाच्या मरणावरचं. शेवटच्या कडव्याआधी दाढीवाला थांबतो, सगळं सभागृह श्वास रोखून बसतं, आणि नेमकी तेव्हाच कोणी बाई खुदकन हसते! या हसण्याने सुईचं डोकं वर्षानुवर्षं उठलं होतं. चाहत्यांच्या सह्या गोळा करून, रेकॉर्ड कंपनीच्या मागे हात धुऊन लागून त्यानेच ते काढायला लावलं होतं.

"तुम्हीच सांगा, माणूस तिकडे बापासाठी रडतोय आणि ही बया दात काढतेय! काही लाज?"

"कोणीतरी कानात काही बोललं असेल," म्हातारा म्हणाला. त्याच्या पांढऱ्या शर्टाचं एक बटण काळ्या दोऱ्याने लावलेलं होतं. ते तो उगाच चाचपत होता.

"मग त्या बोलणाऱ्यालाही कान धरून बाहेर काढायला हवं होतं!"

"हवं होतं खरं," म्हातारा म्हणाला. "जुनी आहे का तुमच्याकडे?"

होती. एकच, सुईची स्वतःची, काउंटरखाली ठेवलेली. नव्या आवृत्तीवर नाक मुरडणाऱ्यांना ऐकवायला त्याने ती मुद्दाम जवळ ठेवली होती.

"ती विकायची नाही."

"निदान ऐकवा तरी."

असले शिष्ट सुईने पुष्कळ पाहिले होते. जुनं ते सोनं म्हणायचं आणि दुसऱ्याच्या मेहनतीवर पाणी फिरवायचं. एकदा ऐकवून याचं तोंड बंद करावं, म्हणून त्याने रेकॉर्ड लावली आणि प्लेअरची सुई थेट सहाव्या गाण्याच्या शेवटाकडे टेकवली.

दाढीवाला थांबला. हसू आलं. अगदी छोटं, लगेच हाताखाली दाबलेलं.

"पुन्हा लावा," म्हातारा म्हणाला.

सुईने पुन्हा लावली. हसू झाल्याबरोबर म्हाताऱ्याने हात वर केला. "अजून एकदा."

तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा मात्र सुईचा संयम सुटला. "अहो, पुढचं कडवं तरी ऐका! सगळा जीव त्या कडव्यात आहे. दाढीवाल्याचे चाहते ना तुम्ही?"

"मी?" म्हातारा म्हणाला. "मला तो तेव्हाही रडका वाटायचा, आत्ताही वाटतो. आवडायचा तो हिला. त्या दिवशी मी कंटाळलो, हिच्या कानात काहीतरी बोललो, आणि ही हसली. ही गेली, तेव्हापासून हिचा आवाज म्हणून घरात तेवढाच होता."